रकाना सातवा

फॉर्मवर पहिलं विचारलं होतं, शोधाचं नाव.
नाना म्हणाले, नाव कसलं, ती जीभ आहे.
कांडीतलं सूत संपत आलं
की पत्र्याची एवढीशी जीभ खाली पडते
आणि माग आपोआप गप्प होतो.
चादरीत फट राहत नाही,
शनिवारच्या पगारातून दंड जात नाही.
मी लिहिलं: यंत्रमागासाठी स्वयंचलित थांबा.
नानांनी ते दोनदा वाचलं,
दुसऱ्याच्या पोराचं नाव वाचावं तसं.

मग शोधकर्ता.
इरेशम नागनाथ येमूल.
"आईचंपण घाल," म्हणाले.
पत्रा तिचा.
विडीचं पान कापायचा फर्मा,
कडा झिजून पानं वाकडी निघायला लागली
म्हणून तिनं कोनाड्यात टाकलेला.
आणि जीभ पडत नव्हती, अडकत होती, तेव्हा
सुपातली मान वर न करता तीच बोलली होती,
टोकाला जरा वाकवा की.
भूदेवी इरेशम येमूल, मी लिहिलं.
व्यवसायापुढं काय लिहायचं, तिला फोन करून विचारलं.
"हजार विड्या," ती म्हणाली, आणि ठेवून दिला.

सातव्या रकान्यापाशी वकिलांनी चष्मा काढला.
"हे आधी कुणाला दाखवलंय?"

नाना दिवसात पहिल्यांदा हसले.
दाखवलं? वाटलं की हो!
साखर पेठेत आधी चिलवेरीच्या मागाला,
मग मेरगूच्या दोन्ही मागांना,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये रात्रपाळीला
चहाच्या सुट्टीत एकेकाला बसवून.
घे की बे, तूबी लाव.
तेलाच्या डब्याचा पत्रा, कात्री, दहा मिनिटं.
चाळीस माग तरी असतील.
त्यानंतर मोजलं नाही.

"मग ते नवं राहिलं नाही,"
वकील हळू म्हणाले, डॉक्टर म्हणतात तसं.
"जे सगळ्यांना ठाऊक,
त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही."

खाली नव्या पेठेत कुणीतरी टॉवेलचे गठ्ठे उतरवत होतं.
मी पिशवीतून कंपनीची जीभ काढली.
स्टीलची, चकचकीत, साडेतीनशे रुपये,
पाठीवर बारीक अक्षरात: पेटंटसाठी अर्ज केला आहे.
टोकाला तोच बाक.
आईचा.
आता म्हणे चाळीस मागांना नोटीस येईल,
पत्र्याच्या जिभा काढा म्हणून.

वकिलांनी ती उलटसुलट केली.
चष्मा परत घातला.
"तुम्ही वाटायला लागलात कधी?"
नाना म्हणाले, मोठीच्या बारशाच्या साली.
मी म्हणाले, माझ्या. नऊ वर्षं झाली.
"लेखी काही?"
लेखी होतं.
पगाराची वही, तिच्यात एका शनिवारी
नानांच्या तेलुगू अक्षरात:
आज दंड नाही. जीभ चालली.
त्यानंतर कुठल्याच शनिवारी दंड नाही.

"तुम्हाला मिळणार नाही,"
वकील म्हणाले, "पण त्यांनाही मिळू द्यायचं नाही.
ज्यांना दिलंत त्यांना घेऊन या."

म्हणून हे तीन रविवार
मी दारोदार प्रतिज्ञापत्रं घेऊन फिरते.
खटखट इतकी, की प्रश्न ओरडून विचारावा लागतो,
आणि माणूस उत्तर देण्याआधी
मागाकडं बोट दाखवतो.
मेरगूंच्या म्हातारीनं अंगठा दिला,
बोटाला वंगण होतं, शाईची गरज पडली नाही.
एकानं सही द्यायला नकार दिला.
तो आता कंपनीचा माल विकतो.
त्याच्या मागावरही पत्र्याचीच आहे, मी पाहिली.

एकोणतीस झाली.
नाना अजून विचारतात,
त्या फॉर्मचं काय केलंस?
घडी करून ठेवलाय, फर्मा होता त्या कोनाड्यात.
सातवा रकाना मी भरून टाकला.
होय, लिहिलं.
पुढं जागा दीडच ओळ होती,
म्हणून नावं समासात चढवत गेले.